टाइमलाइनवर झूम केलं की क्लिप नजरेआड होते. मोठ्या प्रोजेक्टमध्ये तुम्ही कसे फिरता?

सांजसावली

नमस्कार मंडळी,

आजवर मी पाच-सात मिनिटांच्या फिल्म संपादित करत आले. तेवढी टाइमलाइन (क्लिप ओळीने मांडलेली पट्टी) एका नजरेत मावते, त्यामुळे तिच्यावर फिरायचं कसं असा प्रश्न कधी पडलाच नाही. आता पहिल्यांदाच ९० मिनिटांचा माहितीपट हातात आहे. सगळा मुलाखतींवर उभा आहे. व्हिडिओचे चार ट्रॅक, ऑडिओचे आठ, आणि कट किती झालेत ते मोजणं मी सोडून दिलंय. सॉफ्टवेअर प्रीमियर प्रो.

तीन गोष्टींनी जीव मेटाकुटीला आलाय.

पहिली: समोर एखादी क्लिप दिसत असते, ती नीट बघावी म्हणून किबोर्डवरून झूम करते, आणि स्क्रीनवर भलताच भाग येतो. मग पुन्हा बाहेर या, सरकपट्टी ओढा, शोधा, पुन्हा आत जा.

दुसरी: सगळी टाइमलाइन दिसत असताना क्लिप थोडीशी सरकवायला गेले तर ती कुठेतरी लांब जाऊन चिकटते.

तिसरी सगळ्यात लागलेली. परवा दिग्दर्शिकेला अख्खी फिल्म दाखवली. दोन ठिकाणी स्क्रीन क्षणभर काळी झाली, अगदी पापणी लवावी तशी. मुलाखत देणाऱ्या आजी आपल्या भावाबद्दल बोलत होत्या, आणि नेमकं त्या वाक्यात. मला फार वाईट वाटलं. नंतर दोन तास टाइमलाइन डोळ्यांनी चाळली, पण तो काळा तुकडा काही दिसला नाही.

तुम्ही मोठ्या प्रोजेक्टमध्ये कसे फिरता? शॉर्टकटची यादी मिळते हो, पण त्यातलं कधी काय वापरायचं ते कुणी सांगत नाही.

---

उंबरठा

बॅकस्लॅश दाबा, सगळी टाइमलाइन स्क्रीनवर मावते. तेच बटण पुन्हा दाबलं की आधी होतात तितक्याच झूमवर परत. मला यावाचून चैन पडत नाही.

बाकीचं जाणकार सांगतीलच.

---

खूणगाठ

सांजसावली, तुमच्या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. झूम हे बघण्याचं साधन आहे, जागा बदलण्याचं नाही. छोट्या फिल्ममध्ये दोन्ही कामं झूमनेच भागतात म्हणून ती सवय लागते. मोठ्या फिल्ममध्ये ती अंगाशी येते. जरा आकडे मांडून बघू.

९० मिनिटं, सेकंदाला २५ फ्रेम. म्हणजे १,३५,००० फ्रेम. तुमच्या स्क्रीनवर टाइमलाइनला समजा १,८०० पिक्सेल रुंदी मिळते. सगळी फिल्म त्यात बसवली की एका पिक्सेलमध्ये ७५ फ्रेम जातात. ७५ फ्रेम म्हणजे ३ सेकंद. अडीच सेकंदांच्या अख्ख्या शॉटला तिथे एक पिक्सेलसुद्धा मिळत नाही, मग दोन फ्रेमचा काळा तुकडा दिसणार कुठून? तो एका पिक्सेलचा सदतिसावा भाग आहे. तुमच्या नजरेत खोट नाही. ती गोष्ट त्या स्क्रीनवर काढलेलीच नव्हती.

आता उलट बाजू. एक फ्रेम ६० पिक्सेल रुंद दिसेल इतकं आत गेलात, तर स्क्रीनवर फक्त ३० फ्रेम राहतात, जेमतेम सव्वा सेकंद. तेवढ्या झूमवरून सगळी फिल्म चाळायची तर ४,५०० स्क्रीन सरकवाव्या लागतील. सारांश, बाहेरून तुकडा दिसत नाही आणि आतून संपत नाही. म्हणून काळा तुकडा डोळ्यांनी शोधायचाच नसतो.

तुमची पहिली तक्रार. किबोर्डवरच्या बरोबर (=) आणि वजा (-) या बटणांनी केलेलं झूम प्लेहेडला, म्हणजे आत्ता कुठली फ्रेम समोर आहे ते दाखवणाऱ्या उभ्या रेघेला, धरून होतं. तुम्ही बघत होतात दहाव्या मिनिटाकडे आणि प्लेहेड उभा होता चाळिसाव्यावर, तर चाळिसावंच समोर येणार. याला दोन उपाय. एक म्हणजे आधी प्लेहेड न्यायचा, मग झूम करायचं. जिथे काम आहे तिथे एकदा क्लिक करायचं आणि मगच बटण दाबायचं, ही सवय हाताला लागायला दोन दिवस पुरतात. दुसरा म्हणजे अल्ट धरून माउसचं चाक फिरवायचं; मॅकवर ऑप्शन. ते झूम माउसचा बाण जिथे आहे तिथे होतं, प्लेहेड कुठेही असो.

दुसरी तक्रार स्नॅपची, म्हणजे क्लिप जवळच्या कटला आपोआप चिकटण्याची. स्नॅप किती अंतरावरून ओढून घेणार ते स्क्रीनवरच्या अंतरावर ठरतं, फ्रेमवर नाही. ते अंतर समजा १० पिक्सेल धरलं, तर अख्खी फिल्म समोर असताना ते ७५० फ्रेमचं होतं. ३० सेकंद! तेवढ्या टापूत जो कट असेल त्याला क्लिप चिकटणार. आणि स्नॅप बंद केलं तरी माउस एक पिक्सेल हलला की ३ सेकंद सरकलेच. त्या झूमवर हाताने ओढून काही सरकवूच नका. क्लिप निवडा आणि अल्टबरोबर डावा-उजवा बाण दाबा, मॅकवर कमांडबरोबर; एका दाबाला एक फ्रेम, झूम कितीही असलं तरी.

तिसऱ्यासाठी रात्री सविस्तर लिहितो, आत्ता कामावर निघालोय. तोवर सिक्वेन्स मेन्यूत ‘गो टू गॅप’ ही रिकामी जागा शोधणारी आज्ञा बघून ठेवा.

---

उंबरठा

७५ फ्रेमला एक पिक्सेल! इतकी वर्षं हे करतोय, पण असा हिशेब कधी मांडला नव्हता. आभार.

---

रिळवाले काका

वाचतोय आणि जुने दिवस आठवताहेत, म्हणून लिहितो. माझी सुरुवात ३५ मिलिमीटर फिल्म हाताने कापण्यापासून झाली.

तिथे झूम नावाची गोष्टच नव्हती. एका फुटात १६ फ्रेम. एक फ्रेम १९ मिलिमीटर उंच, ती तुमच्या मनाप्रमाणे लहान-मोठी होत नाही. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे मिनिटाला ९० फूट. हजार फुटांचं रीळ ११ मिनिटं चालायचं. ९० मिनिटांची फिल्म ८,१०० फूट, जवळजवळ अडीच किलोमीटर. म्हणजे एका अर्थाने आम्ही कायमचे झूम करूनच बसलेलो असायचो, आणि अख्खी फिल्म एका नजरेत बघायची सोय नव्हती.

मग फिरायचो कसे? खुणांनी. मेणाच्या पेन्सिलीने फिल्मवर खूण करायची, रिळाच्या डब्यावर चिठ्ठी, वहीत फुटांचा आकडा. सहाव्या रिळात ४१० फुटांवर आईचा क्लोजअप, असं लिहिलेलं असायचं. तो आकडा नसता तर टेबलावर शेकडो फूट पुढेमागे गुंडाळत बसावं लागलं असतं. आमचे गुरुजी नव्या मुलाला कापायला देण्याआधी महिनाभर फक्त वही लिहायला लावत. तेव्हा राग यायचा. पण त्या महिन्यात फिल्म पाठ होऊन जायची.

सांजसावली बेटा, टाइमलाइनवर लावायची खूण, म्हणजे मार्कर, ही ती मेणाची पेन्सिलच आहे. तू मार्कर लावतेस का? तुझ्या लिहिण्यात त्याचा उल्लेख दिसला नाही.

---

सांजसावली

काका, नाही लावत. आजवर गरज पडली नाही म्हणून तिकडे वळलेच नाही. आज रात्री बसते.

खूणगाठ, प्लेहेड आधी नेऊन मग झूम, हे करून बघितलं. पहिल्या तक्रारीचा निकालच लागला. तीन आठवडे मी उगाच झगडत होते.

‘गो टू गॅप’ मात्र मला काहीच सापडत नाही म्हणतंय. ‘नेक्स्ट इन सिक्वेन्स’ निवडलं तर प्लेहेड हलतच नाही. आणि अजून एक, खाली बाणाने पुढच्या कटवर जाता येतं असं वाचलं होतं, पण मधले बरेच कट तो गाळून पुढे जातो. हे काय आहे?

---

खूणगाठ

दोन्हींची कारणं ट्रॅकमध्ये आहेत.

‘नेक्स्ट इन सिक्वेन्स’ अशी जागा शोधतं जिथे सगळेच ट्रॅक रिकामे आहेत. तुमच्या फिल्मखाली संगीत किंवा पार्श्वध्वनी सलग पसरलेला असेल, तर चित्राला भोक पडलं तरी त्याच्या हिशेबी तिथे काहीतरी आहेच. तुम्हाला ‘नेक्स्ट इन ट्रॅक’ हवंय. मुख्य चित्राचा ट्रॅक टार्गेट करा (म्हणजे आज्ञा त्याच ट्रॅकला लागू होईल), बाकीच्यांचं टार्गेट काढा आणि तो पर्याय वापरा.

खाली-वर बाणांचंही तसंच. ते टार्गेट केलेल्या ट्रॅकवरच्याच कटवर थांबतात. डावीकडे ट्रॅकच्या नावाच्या डब्यावर क्लिक केलं की तो उजळतो किंवा विझतो, ते बघा. सगळ्या ट्रॅकचे कट हवे असतील तर शिफ्ट धरून तेच बाण. पण टार्गेटचा हा गुण मला फार आवडतो. फक्त मुलाखतीचा ट्रॅक उजळवून ठेवला की खाली बाणाने वाक्यावाक्यावरून उड्या मारत जाता येतं, मुलाखतीच्या वर ठेवलेले जोडशॉट (इतर दृश्यं) मध्ये येत नाहीत.

आता काळ्या तुकड्याबद्दल, राहिलेलं. काळं दिसण्याची कारणं एकाहून जास्त असतात. खरीच रिकामी जागा असेल तर वरच्या पद्धतीने मिळेल. पण कधी क्लिप काढताना तिचे दोन फ्रेम मागे राहतात. ती जागा रिकामी नसते, तिथे भलत्याच शॉटची चिमूट असते, आणि ती शॉटच्या अगदी सुरुवातीची, कॅमेरा हालत असतानाची किंवा अंधारी असली तर डोळ्याला काळीच वाटते. ही चिमूट ‘गॅप’ला कधीच सापडणार नाही. त्यासाठी कटवरून कटवर बाणाने जायचं आणि टाइमकोडकडे (तास, मिनिट, सेकंद, फ्रेमच्या आकड्याकडे) लक्ष ठेवायचं. एका दाबाला आकडा फक्त दोन-तीन फ्रेमने पुढे गेला की तिथेच चोर.

एव्हिड या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी वेगळी आज्ञाच आहे, ‘फाइंड फ्लॅश फ्रेम’. किती फ्रेमपर्यंतचा तुकडा संशयित मानायचा ते सांगायचं आणि ती शोधून देते.

---

आडवाट

मी डाविंची रिझॉल्व्ह हे सॉफ्टवेअर वापरते, माझीही भर घालते.

कट पेजवर दोन टाइमलाइन असतात. वरच्या पट्टीत कायम अख्खी फिल्म, खालच्या पट्टीत प्लेहेडच्या आसपासचा भाग जवळून. वरच्या पट्टीत बोट ठेवाल तिथे खालची पोचते. झूम आत-बाहेर करण्याची यातायातच उरत नाही. हे पेज २०१९ साली सोळाव्या आवृत्तीबरोबर आलं, आणि माझ्या मते या विषयात गेल्या काही वर्षांत कुणी केलेला हा सगळ्यात विचारपूर्वक बदल आहे. लांब फिल्मवर काम करणाऱ्यांनी एकदा तरी वापरून बघावं. मी बारीक काम एडिट पेजवरच करते, पण ‘तो शॉट कुठे होता बरं’ असं झालं की सरळ कट पेजवर जाते.

आणि त्याच पेजवर ‘बोरिंग डिटेक्टर’ नावाचं एक बटण आहे. नाव काहीही असो, काम चोख आहे. अमुक सेकंदांपेक्षा लांब आणि अमुक फ्रेमपेक्षा छोटे शॉट तो टाइमलाइनवर रंगवून दाखवतो. छोट्याची मर्यादा ५ फ्रेम ठेवली की सांजसावलीसारखी अडचण समोर येऊन उभी राहते.

एडिट पेजवरची बटणं वेगळी आहेत, गोंधळ नको म्हणून सांगते. आत-बाहेर झूम कंट्रोल धरून बरोबर (=) आणि वजा (-). पूर्ण फिल्म समोर आणायला शिफ्ट झेड, परत दाबलं की मागच्या झूमवर. अल्टबरोबर चाक म्हणजे झूम, कंट्रोलबरोबर चाक म्हणजे आडवं सरकणं, शिफ्टबरोबर चाक म्हणजे ट्रॅकची उंची. फायनल कट या सॉफ्टवेअरमध्येही शिफ्ट झेड पूर्ण फिल्म बसवतं, म्हणून दोन्ही वापरणाऱ्याला तेवढं एक सोपं जातं.

---

तळटीप

फुकटातल्या सॉफ्टवेअरवाल्यांसाठी: शॉटकटमध्ये शून्य दाबलं की सगळी टाइमलाइन बसते, बरोबर आणि वजाने झूम. केडेनलाइव्हमध्ये कंट्रोल धरून चाक फिरवायचं. बाकी तत्त्व तेच.

---

भरारी

मला थोडं वेगळं म्हणायचंय. मी सगळं माउसने करतो. खालच्या सरकपट्टीची दोन टोकं ओढली की झूम कमी-जास्त होतं, मधून धरून ओढलं की पुढे-मागे जाता येतं. डोळ्यासमोर चित्र हलताना दिसतं, त्यामुळे आपण कुठे आहोत ते कळतं. बाणांनी उड्या मारत गेलं की मला तरी दिशा हरवल्यासारखं होतं. दहा वर्षं याच पद्धतीने काम करतोय आणि वेळेत देतोय. शॉर्टकट पाठ नसले म्हणजे संपादक कमी प्रतीचा, असं नवीन मुलांना वाटू नये म्हणून लिहितोय.

---

खूणगाठ

भरारी, शेवटच्या वाक्याला मनापासून अनुमोदन. कोण किती बटणं दाबतो यावर फिल्म चांगली-वाईट होत नाही.

एका बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे. ९० मिनिटांच्या टाइमलाइनवर ती सरकपट्टी इतकी बारीक होते की तिचं टोक केसभर ओढलं तरी दृश्य कुठल्या कुठे जातं. हिशेब तोच, पिक्सेलमागे तीन सेकंद. दहा मिनिटांच्या कामाला माउस पुरेल, या कामाला नाही. आणि दिवसभर धरून ओढत राहण्याने मनगट धरतं, हे मी स्वतः भोगलंय. सहा आठवडे पट्टा बांधून होतो.

दिशा हरवते हे तुमचं म्हणणं खरं आहे. त्यावर मी एक करतो. दर काही उड्यांनी बॅकस्लॅश दाबून अख्खी फिल्म बघतो आणि परत आत जातो. नकाशा बघून पुन्हा चालू लागावं तसं.

---

रिळवाले काका

भरारीचं बोलणं मला पटलं, कारण आम्हालाही रीळ हातातून जाताना जाणवायचं. किती उरलंय ते हाताच्या वजनाला कळायचं. तो अंदाज या यंत्रात येत नाही, म्हणून प्रत्येकजण आपापल्या परीने तो शोधतो.

जे-के-एल कुणी सांगितलं नाही अजून. एल दाबला की पुढे, पुन्हा दाबला की वेग वाढतो. जे म्हणजे मागे. के म्हणजे थांब. के धरून ठेवून एल किंवा जे दाबला की अगदी सावकाश. हे वापरताना डोळा टाइमलाइनवर न ठेवता चित्रावर ठेवायचा. मला आमच्या फ्लॅटबेड टेबलाच्या (रीळ पुढेमागे चालवून बघायच्या यंत्राच्या) सगळ्यात जवळचं काही वाटलं असेल तर ते हेच.

---

कानोसा

आवाजाच्या बाजूने थोडं. मी फक्त ध्वनीचं काम करतो.

चित्रवाल्यांना फ्रेमच्या आत झूम करून उपयोग नाही, कारण फ्रेम तोडता येत नाही. आवाजाचं तसं नाही. ४८,००० हर्ट्झला सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एका फ्रेममध्ये आवाजाचे १,९२० नमुने (सॅम्पल, म्हणजे क्षणाक्षणाची नोंद) असतात. कटवर ‘टक्’ असा जो बारीक आवाज येतो तो त्या १,९२० मधल्या एखाद-दोन नमुन्यांचा खेळ असतो. लाट शून्यावर नसताना कापली की तो येतो. फ्रेमच्या झूमवर तुम्ही कट एक फ्रेम मागे घ्याल, एक फ्रेम पुढे घ्याल, आणि टक् कायमच राहील.

प्रीमियरमध्ये टाइमलाइन पॅनेलच्या मेन्यूत ‘शो ऑडिओ टाइम युनिट्स’ आहे. ते चालू केलं की पट्टीवर फ्रेमऐवजी नमुने दिसतात आणि खूप आतपर्यंत झूम करता येतं. काम झालं की ते आठवणीने बंद करा, नाहीतर बाण फ्रेमने न सरकता नमुन्याने सरकतील आणि प्लेहेड अडकलाय असं वाटेल. फायनल कटमध्ये ‘झूम टू सॅम्पल्स’ आहे. बहुतेक वेळा मात्र कटवर दोन फ्रेमचा क्रॉसफेड (एक आवाज विरत दुसरा चढणं) टाकला की एवढ्या आत जायची वेळच येत नाही, आणि मी आधी तेच करतो.

आणखी एक. लोक आडव्या झूमचं बोलतात, उभ्याचं विसरतात. ट्रॅक चपटा असला की वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाच्या लाटेचं चित्र, नुसती रेघ दिसते. शिफ्ट धरून बरोबरचं (=) बटण दाबलं की प्रीमियरमध्ये सगळे ट्रॅक उंच होतात, शिफ्टबरोबर वजाने चपटे. ट्रॅक उंच केला की श्वास कुठे घेतला ते नुसतं बघून कळतं. मुलाखतींच्या फिल्ममध्ये कट श्वासावर करायचा असतो, म्हणून सांजसावली, तुम्हाला हे रोज लागेल.

---

उंबरठा

मध्येच एक शंका. झूम आत-बाहेर केलं की माझी टाइमलाइन अडखळते. मशीन जुनं आहे म्हणून असेल का?

---

आडवाट

मशीनच्या आधी क्लिपवरची छोटी चित्रं बंद करून बघा. प्रत्येक झूमला ती सगळी नव्याने काढावी लागतात, आणि क्लिप शेकड्याने असल्या की तेवढ्याने अडखळायला होतं. मी फक्त नाव ठेवते.

प्लेहेड मागे ओढताना चित्र अडकत असेल तर ते वेगळं. एच.२६४ सारख्या फाइलमध्ये बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्याच नसतात, शेजारच्या फ्रेमपासून काय बदललं तेवढंच असतं. त्यामुळे मधली एक फ्रेम दाखवायला आधीच्या बऱ्याच उलगडाव्या लागतात. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या प्रकारच्या प्रॉक्सी (कामापुरत्या हलक्या प्रती) करून घ्या, त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते.

---

तळटीप

फिल्म चालू असताना प्लेहेड स्क्रीनबाहेर निघून जातो आणि थांबवल्यावर शोधावा लागतो, असं कुणाचं होत असेल तर प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइमलाइनखाली ‘ऑटो-स्क्रोलिंग’ बघा. तीन पर्याय आहेत: न सरकणं, पान उलटल्यासारखं सरकणं आणि सलग सरकणं. मला पान उलटणारा बरा वाटतो. सलग सरकणाऱ्यात प्लेहेड स्थिर राहतो आणि टाइमलाइन त्याच्याखालून वाहते, त्याने माझे डोळे दुखतात. फोनवरच्या बऱ्याच ॲपमध्ये मात्र तसंच असतं, त्यामुळे तिथून आलेल्यांना तेच सवयीचं वाटेल.

आणि सबटायटल मराठीत टाइप करून झाल्यावर किबोर्ड इंग्रजीवर आणायचा विसरलात तर अक्षरांचे शॉर्टकट चालत नाहीत. सॉफ्टवेअर बिघडलं असं वाटतं. मी एकदा ते काढून पुन्हा घातलं होतं.

---

सांजसावली

मंडळी, दोन्ही काळे तुकडे सापडले!!

पहिला ‘नेक्स्ट इन ट्रॅक’ने पहिल्याच दाबाला. तीन फ्रेमची खरीच रिकामी जागा, आणि खाली संगीत सलग, म्हणूनच आधी काही सापडत नव्हतं. दुसरा, आजींच्या वाक्यातला, गॅपमध्ये नव्हताच. खूणगाठ म्हणाले तसं मुख्य ट्रॅक टार्गेट करून खाली बाण दाबत गेले, नजर टाइमकोडवर. बावन्नाव्या मिनिटाला आकडा दोन फ्रेमने हलला. आत झूम करून बघितलं तर खोलीतला दिवा लावायच्या आधीच्या शॉटचे दोन फ्रेम. तो शॉट मी आठवड्यापूर्वी काढून टाकला होता, त्याचीच चिमूट मागे राहिली होती.

सगळी फिल्म अशी कटवरून कटवर बघायला चाळीस मिनिटं लागली. आणि त्या चाळीस मिनिटांत, काका, तुम्ही म्हणालात तसं झालं. फिल्म जवळजवळ पाठ झाली. कुठल्या विषयानंतर कुठला विषय येतो ते मला पहिल्यांदा सलग दिसलं. त्यातून एक प्रसंग दहा मिनिटं आधी यायला हवा हेही लक्षात आलं, दिग्दर्शिकेशी त्यावर बोलणार आहे.

मार्करही लावले. प्रत्येक प्रसंगाच्या सुरुवातीला एक, नाव लिहून. शिफ्ट एमने पुढच्या मार्करवर जाते. मार्करच्या पॅनेलमध्ये सगळी यादी एकाखाली एक दिसते, एकीवर क्लिक केलं की प्लेहेड तिथे. रोज किती वेळ वाचतोय ते सांगता येत नाही.

पण आज सकाळी एक घोळ झाला. विसाव्या मिनिटाजवळचा एक शॉट रिपल डिलीट केला. पुढचं सगळं मागे सरकलं, मार्कर मात्र होते तिथेच राहिले. आता सगळ्या खुणा सहा सेकंदांनी चुकताहेत. अनडू करून परत आणलं, पण पुढच्या वेळी काय?

---

खूणगाठ

वा! दुसरा तुकडा सापडल्याचं वाचून फार बरं वाटलं.

मार्करच्या मेन्यूत ‘रिपल सिक्वेन्स मार्कर्स’ आहे, ते चालू करा. मग रिपल डिलीटबरोबर मार्करही सरकतील. प्रसंगांच्या खुणांसाठी हे चालूच ठेवा. मात्र एखादा मार्कर ठरावीक वेळेसाठी असेल, जसं की ‘या मिनिटाच्या आत शीर्षक आलं पाहिजे’, तर तोही सरकेल हे लक्षात असू द्या. तसल्या गोष्टी मी वहीत लिहितो.

जी खूण शॉटचीच आहे, उदाहरणार्थ ‘इथे माइकला हात लागलाय’, ती टाइमलाइनवर न लावता क्लिपवर लावा. क्लिप सोर्स मॉनिटरमध्ये (मूळ क्लिप बघायच्या खिडकीत) उघडायची आणि तिथे एम दाबायचा. मग क्लिप कुठेही नेली तरी खूण तिच्याबरोबर जाते.

---

आडवाट

आणि टाइमकोड टाइप करून उडी मारायचं राहिलंच. दिग्दर्शक ‘बेचाळीस मिनिटं दहा सेकंद’ असं लिहून पाठवतात तेव्हा हाच सगळ्यात जवळचा रस्ता. प्रीमियरमध्ये टाइमलाइनच्या डाव्या कोपऱ्यातल्या निळ्या आकड्यावर क्लिक करून ४२१००० टाइप करायचं आणि एंटर, मधली विरामचिन्हं लागत नाहीत. +५० टाइप केलं तर ५० फ्रेम पुढे. रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइन मुळात एका तासावरून सुरू होते, त्यामुळे तिथे पुढे ०१ लावायला विसरू नका.

---

सांजसावली

रिपल चालू केलं, तोच शॉट परत काढून बघितला. सगळे मार्कर बरोबर सहा सेकंद मागे आले.

काका, मी वहीसुद्धा घातलीय. डावीकडे टाइमकोड, उजवीकडे प्रसंग. आज चौथं पान चालू आहे.

---

रिळवाले काका

मधली दोन बोटं जागा कोरी सोड बेटा. प्रसंग हलला की नवा आकडा तिथे येतो, जुना खोडायचा नाही. नुसती एक आडवी रेघ मारायची, म्हणजे आधी कुठे होता तेही वाचता येतं.